क्लँग: ड्रायव्हरमध्ये राहून गेलेला कंस दाखवणारा कंपायलर

आमच्या बोर्डवरच्या एसपीआय कंट्रोलरचा (चिपांमध्ये डेटाची देवाणघेवाण करणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर चिपवाल्यांकडूनच आला होता. जीसीसी या आमच्या नेहमीच्या कंपायलरने तो विनातक्रार कंपाइल व्हायचा, पण लॉजिक अॅनालायझर (तारांवरचे सिग्नल दाखवणारं यंत्र) लावला की क्लॉकची रेघ सपाट. हार्डवेअरवाले सोल्डरिंग तपासत बसले, आम्ही क्लॉक ट्री, म्हणजे चिपमध्ये क्लॉक कुठून कुठे जातो ते. शेवटी तोच कोड क्लँगमधून काढला, तेव्हा इशारा नेमका या ओळीवर आला (नावं इथे सोपी केली आहेत):

कंट्रोल = एनेबल | मास्टर ? मास्टर_मोड : 0;

लिहिणाऱ्याच्या मनात होतं की एनेबल तर हवाच, वर मास्टर असेल तर मास्टर मोड. पण सी भाषेत | (दोन्हीकडचे बिट एकत्र करणारा) हा ?: (अट खरी तर पहिली किंमत, नाहीतर दुसरी) च्या आधी होतो. एनेबल | मास्टर कधीच शून्य नसतं, त्यामुळे कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये (सेटिंगच्या बिटांच्या जागेत) दर वेळी नुसता मास्टर मोड जातो. एनेबलचा बिट लागतच नाही, मग क्लॉक कुठून येणार?

हा इशारा क्लँगमध्ये 2020 साली आलेल्या आवृत्ती 10 पासून आहे आणि त्यासाठी वेगळा फ्लॅग द्यावा लागत नाही. मला सगळ्यात आवडली ती मांडणी. आधी काय होईल हे तो सांगतो, आणि खाली कंस घालायच्या दोन्ही जागा दाखवतो: एक अर्थ बदलणारी, दुसरी फक्त इशारा गप्प करणारी. घाईत दुसरी जागा निवडली तर बग तसाच राहतो आणि पुन्हा कधी दिसतही नाही. म्हणून कंस घालण्याआधी चिपची डेटाशीट उघडा. रिव्ह्यूमध्ये मी यावर अडून बसतो.

जीसीसीवर अन्याय नको. !स्टेटस & रेडी ही जुनी चूक तोही पकडतो. विचारायचं असतं की रेडी बिट लागलेला नाही ना. पण तिथे आधी ! (नकार) होतं, उत्तर 0 किंवा 1, आणि रेडी बिट 3 वर असेल तर अट कधीच खरी होत नाही. रेडी बिट 0 वर असला तर प्रकरण जास्त वाईट, कारण बाकीचे बिट शून्य असेपर्यंत कोड बरोबर चालतो आणि टेस्टिंगमधून सुटतो. स्टेटस & मास्क == व्हॅल्यू मध्ये कंस नसला तरी जीसीसी ओरडतो, पण मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) इशारे चालू हवेत. चिपवाल्यांच्या कोडमध्ये ते बऱ्याचदा बंदच करून ठेवलेले असतात.

आता क्लँगच्या उणिवा. वरच्या ओळीत मास्टर बूल (फक्त खरं किंवा खोटं) होता म्हणून इशारा आला. तोच आठ बिटांचा साधा पूर्णांक असता तर क्लँगही गप्प बसला असता, आणि जुन्या ड्रायव्हरांमध्ये असे फ्लॅग ढिगाने असतात. दुसरी उणीव मॅक्रोंची, म्हणजे कंपाइल होण्याआधी ज्यांच्या जागी व्याख्येतला मजकूर जसाच्या तसा येतो त्या नावांची. एखाद्या मॅक्रोची व्याख्या नुसती क्ष << 4 (क्ष चार बिट डावीकडे सरकवा) असली आणि त्यात अ | ब दिलं, तर फक्त ब सरकतो, आणि दोन्ही कंपायलर काही बोलत नाहीत. तिथे लिनक्स कर्नलमधलं चेकपॅच हे कोड तपासणारं स्क्रिप्ट स्ट्रिक्ट पर्यायासह चालवावं. मॅक्रोच्या आर्ग्युमेंटभोवती कंस घाला असं ते स्पष्ट सुचवतं. नवीन कोड लिहीत असाल तर हाताने शिफ्ट करण्यापेक्षा किंमत योग्य बिटांवर बसवणारा कर्नलचा फील्ड-प्रेप मॅक्रो वापरा.

क्लँग फुकट आहे, आणि लिनक्स कर्नल त्याने बांधायला मेक या बिल्डच्या कमांडला एलएलव्हीएम=1 एवढं सांगितलं की पुरतं. प्रॉडक्शनचं बिल्ड आमचं अजून जीसीसीवरच आहे. बाहेरून आलेला प्रत्येक ड्रायव्हर मात्र मर्ज होण्याआधी सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या तपासणीत) क्लँगखालून जातो.