पिकपूल द पिने : वाइन पैसा वसूल, बाटली मात्र डोक्यात जाते

काल फ्रिजच्या दाराचा खालचा कप्पा तुटला. फ्रिज घरमालकाचा, म्हणजे सोडताना डिपॉझिटमधनं कापणार, आणि कारण काय तर पिकपूल द पिने या फ्रेंच पांढऱ्या वाइनची सहा-सात युरोची बाटली. नाहीतर कित्येक महिने निमूट पितोय, लिहायचं मनातही नव्हतं.

ज्यांनी घेतलीय त्यांना माहितीये मी कशाबद्दल बोलतोय. ती हिरवी सडपातळ 'नेप्च्यून' बाटली, हा आकार १९९५ पासूनचा, काचेवर लाटांची नक्षी वगैरे. देखणी आहे, वादच नाही. पण दारात सरळ उभी केली की मान वरच्या कप्प्याला अडते, मग तिरकी कोंबायची, मग सगळा भार पुढच्या प्लॅस्टिकच्या दांडीवर, आणि ती दांडी गेली. आडवी ठेवा म्हणाल तर मधे इडलीच्या पिठाचं पातेलं असतं, ते कुठे हलवू? साधी बोर्दोची, म्हणजे नेहमीच्या सरळ आकाराची बाटली मुकाट मावते हो. कोणी मोजून बघितलं नव्हतं का?

असो, वाइन. मी दक्षिण फ्रान्समधे मॉंपेलिएला राहतो, वाइनच्या नावातलं पिने गाव इथनं जवळच, एतां द तो या खाऱ्या सरोवराच्या काठाला. ही वाइन करणारी गावं सहाच, द्राक्ष एकच, पिकपूल. उशिरा पिकतं आणि एवढ्या उन्हातही आंबटपणा सोडत नाही, हीच त्याची खासियत. पहिल्यांदा नुसती प्यायलो तेव्हा कैरीची फोड चावल्यासारखी जीभ आकसली, म्हटलं स्वस्त का आहे ते कळलं. बाटली स्वयंपाकाला लावून टाकली.

मग जवळच्या सेत बंदराच्या बाजारातनं तिसऱ्या, म्हणजे शिंपले, आणल्या (त्याच सरोवरातल्या), बायकोने ओलं खोबरं घालून सुकं केलं, आणि घरात दुसरं काही नव्हतं म्हणून हीच उघडली. तिथे मत फिरलं. लिंबू पिळायची गरजच पडली नाही, तिखट आणि खोबरं दोन्ही नीट लागत होतं. इथले लोक सरोवराकाठच्या बुझिग गावची कालवं कच्ची खातात हिच्याबरोबर, तीही खाल्ली, पण माझं मत तिसऱ्यांनाच. रवा लावून तळलेल्या माशाबरोबरही झकास. पनीर माखनीबरोबर नका घेऊ, दोन्ही वाया जातं.

एक मात्र बघा, लेबलावरचं साल. ही ताजी प्यायची वाइन आहे. सप्टेंबरच्या वाइन-सेलमधे एका सुपरमार्केटने जुना माल पुढे मांडून ठेवला होता, खोका घेतला तर पार मुळमुळीत निघाली, सगळी धारच गेलेली. काउंटरवरची बाई म्हणे उघडलेली परत घेत नाही. अहो, न उघडता कळणार कसं?

भारतात परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के ड्युटी, त्यामुळे पुण्याला जाताना माणशी दोन लिटरची सूट असते त्यात दोन बाटल्या नेल्या. बॅगेतही आडव्या बसेनात, कर्णरेषेत घातल्या. दाजींनी ग्लासात सरळ बर्फाचे चार खडे टाकले. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताईने डोळे वटारले. मेच्या उन्हात बर्फ घालून बरी लागली, खोटं का बोला.