ठाण्याच्या नौपाड्यातला फोटो स्टुडिओ: प्रिंट झकास, पण गोरं करायची हौस आवरा

अमेरिकेच्या व्हिसासाठी फोटो हवे होते म्हणून मी, नवरा आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, ती मूळची इम्फाळची, असे तिघं गोखले रोडजवळच्या एका स्टुडिओत गेलो. नाव टाकत नाहीये, कारण हे दुकान काही एकटंच असं नसणार.

आधी चांगलं सांगते. दोन बाय दोन इंच साइझ परफेक्ट, बॅकग्राउंड पांढरंशुभ्र, आणि चष्मा काढायला त्या मुलाने स्वतःहून सांगितलं. अमेरिकन व्हिसाला २०१६ पासून चष्म्यातला फोटो चालत नाही, हे त्याला माहीत होतं म्हणजे कामाचा पक्का आहे.

आता भानगड. मी आणि नवरा रंगाने अगदी सारखे, म्हणजे एका तव्यावरच्या दोन भाकऱ्या. त्याचा फोटो काढला तसा प्रिंटला गेला. माझा स्क्रीनवर आला आणि या पठ्ठ्याने न विचारता माऊस फिरवायला घेतला, गाल उजळ, कपाळ उजळ, हनुवटीखालची सावली गायब, मी म्हटलं अरे दादा हे काय चाललंय, तर म्हणे "ताई, लेडीजचं थोडं ब्राइट करावंच लागतं, नाहीतर परत येतात." मग याचं का नाही केलंस? "जेंट्सचं चालतं." लग्नाच्या बायोडेटाचे फोटो करून करून हात तसाच बसलाय बहुतेक.

मैत्रिणीचे तर डोळेच मोठे केले! वर हिंदीत विचारलं, तुमचं पार्लर कुठेय. ती आमच्या टीमची लीड आहे हो. ती हसली फक्त, बाहेर आल्यावर म्हणाली की माझ्या भावाला मोमोचा स्टॉल कुठे लावतोस विचारतात. बाई दिसली की पार्लर, बाप्या दिसला की मोमो, चेहऱ्याची ठेवण तीच.

हे खूळ जुनंच आहे म्हणा. कोडॅकच्या काळात लॅबमध्ये शर्ली कार्ड असायचं, एका गोऱ्या बाईचा फोटो, तिची स्किन नीट आली की रंग सेट झाले समजायचे, बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. आणि आता चेहरा बघून बाई की पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर आली, ती २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी तपासली. गोऱ्या पुरुषांमध्ये चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांमध्ये ३४.७ टक्क्यांपर्यंत! नुसतं रंगाप्रमाणे किंवा नुसतं बाई-पुरुष असं मोजलं असतं तर एवढा खड्डा दिसलाच नसता. स्टुडिओतही तेच झालं ना, नवरा सावळा असून सुटला, मी सावळी आणि वर बाई म्हणून सापडले.

सांगितल्यावर दोघींचे फोटो परत काढून दिले, जास्तीचे पैसे नाही घेतले, तोंड वाकडं नाही केलं, हे मान्य. पण बसायच्या आधीच टच-अप नको म्हणून सांगा, कारण चेहरा बदललेला फोटो व्हिसाला चालतच नाही, सुंदर दिसण्याच्या नादात अर्ज लटकायचा.

तीन स्टार. पार्किंगचं नाव काढू नका, स्टेशनवरून चालत या.