सीमेक: लायब्ररीच्या कोडला शिस्त लावणारे साधन

सी++ या प्रोग्रामिंग भाषेतली एकच लायब्ररी (इतर प्रोग्रामनी वापरायचा तयार कोड) विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींवर बिल्ड करायची, म्हणजे कोडपासून वापरण्याजोगी फाइल बनवायची असेल, तर व्हिज्युअल स्टुडिओ, मेक आणि एक्सकोड या बिल्डच्या साधनांसाठी तीन वेगवेगळ्या प्रोजेक्ट फाइली हाताने सांभाळणे कुणालाच परवडत नाही. आयटीके या वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या लायब्ररीपुढे हीच अडचण होती आणि तिच्यासाठीच किटवेअर कंपनीने २००० साली सीमेक तयार केले. ते स्वतः कोड कंपाइल करत नाही. आपण लिहिलेल्या एकाच वर्णनावरून प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या बिल्ड फाइली बनवून देते.

मला त्याचे खरे मोल वाटते ते कोडच्या मांडणीसाठी. बाहेर द्यायचे हेडर (लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या फाइली) इन्क्लूड फोल्डरात आणि आतला कोड एसआरसीमध्ये, ही विभागणी बहुतेक जण करतात. पण टार्गेटला, म्हणजे बिल्ड करायच्या लायब्ररीला किंवा प्रोग्रामला, इन्क्लूड पाथ (हेडर शोधायची जागा) जोडताना तो पब्लिक, म्हणजे वापरणाऱ्यांनाही मिळणारा, की प्रायव्हेट, म्हणजे फक्त आतल्या वापराचा, हे सीमेकला सांगावेच लागते. एसआरसीचा पाथ प्रायव्हेट ठेवला आणि बाहेरच्या हेडरने चुकून आतले हेडर ओढले, तर लायब्ररी बिल्ड होते, पण तिला जोडलेल्या टेस्टचे बिल्ड तिथेच अडते, आणि ते अडायलाच हवे.

लिनक्सवर सुरळीत चालणारी माझी शेअर्ड लायब्ररी (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी) विंडोजवर बिल्ड केली, तेव्हा डीएलएल, म्हणजे विंडोजवरची शेअर्ड लायब्ररी, तयार झाली, पण इतर प्रोग्राम तिला जोडायला लागणारी सोबतची डॉट लिब फाइल कुठेच दिसेना. लिनक्सवर जीसीसी हा कंपाइलर सगळे सिम्बॉल (फंक्शन वगैरेंची नावे) बाहेरच्या प्रोग्रामसाठी आपसूक खुले ठेवतो, विंडोजवर ते एक्स्पोर्ट करावे लागतात, आणि मी एकही केला नव्हता. त्यासाठी कोडमध्ये लावावा लागणारा मॅक्रो (खुणेचा शब्द) सीमेकचे जनरेट एक्स्पोर्ट हेडर हे मॉड्यूल लिहून देते. त्यासोबत लिनक्सवरही व्हिजिबिलिटी हिडन ठेवली, म्हणजे सिम्बॉल मुळात झाकलेले ठेवले, तर विसरलेला सिम्बॉल आपल्याच मशिनवर सापडतो.

सीमेकची भाषा मात्र मनाला पटत नाही: यादीसुद्धा अर्धविरामांनी जोडलेली स्ट्रिंगच असते, आणि एखादे अवतरणचिन्ह राहिले तर चूक शोधण्यात दुपार जाते. मेसन या अशाच दुसऱ्या साधनाची भाषा त्या मानाने कितीतरी स्वच्छ आहे. तरीही क्यूटी ६ या सी++ लायब्ररीसारखा मोठा प्रकल्प सीमेकवर आला आहे, आणि आपली लायब्ररी इतरांनी सहज वापरावी असे वाटत असेल, तर आज मी सीमेकच निवडेन. नवे काम सुरू करणाऱ्यांनी किमान ३.२४ आवृत्ती घ्यावी, कारण फाइल सेटमध्ये, म्हणजे टार्गेटच्या हेडरांच्या यादीत, नोंदवलेले बाहेर द्यायचे प्रत्येक हेडर स्वतंत्रपणे कंपाइल होते की नाही, हे तपासण्याची सोय तिच्यापासून मिळते.