रिक्षावाल्यांसोबत काम करायचंय, मग गॅस किट की बॅटरी? संस्थेने काय धरावं

सांगली, कोल्हापूर, सोलापूर ही शहरं २०१९ पासून केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांत आहेत, त्यामुळे गाड्यांच्या इंधनावर काम करायला हल्ली सीएसआरवाले, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी देणारे, तयार होतात, आणि मग छोट्या संस्थेपुढे प्रश्न येतो की आपले दोन-तीन कार्यकर्ते आणि वर्षाचं बजेट नेमकं कुठे लावायचं. आम्ही रिक्षा धरली. बसचं महापालिका आणि महामंडळ बघतं, ट्रकवाल्यांपर्यंत आपला हात पोचत नाही, रिक्षा मात्र दिवसभर शहरातच असते, शाळा-दवाखान्यासमोर उभी असते आणि स्टॉपवर जाऊन बसलं की माणूस निदान ऐकून घेतो. इथेनॉल बऱ्याच जणांच्या प्लॅनमध्ये असतं, पण पेट्रोलमध्ये किती मिसळायचं ते दिल्लीत ठरतं आणि तेल कंपन्यांच्या डेपोत मिसळलं जातं, २० टक्क्यांपर्यंत गेलं तेही तसंच, जिल्ह्यातल्या संस्थेला तिथे हात घालायला जागा नाही. म्हणजे राहिलं काय, तर पेट्रोल रिक्षाला गॅस किट नाहीतर बॅटरीची रिक्षा. आम्ही दोन्हीत काम केलंय म्हणून लिहितोय, तुमच्या तालुक्यात चित्र वेगळं असू शकतं.

सीएनजीची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. जुनी रिक्षा तीच राहते, परमिट तेच राहतं, खर्च फक्त किटचा, आणि कुणाचा ना कुणाचा भाऊ नाहीतर मेहुणा पुण्यात गॅसवर रिक्षा चालवत असतो त्यामुळे पटवून द्यावं लागत नाही. मिस्त्री जागेवर मिळतो. संस्थेला करण्यासारखी कामंही आहेत, किटची नोंद आरसीवर चढवून देणं, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, असते तिची आठवण ठेवणं, चार-पाच जणांच्या टाक्या एकत्र पाठवणं, कारण ते सर्टिफिकेट नसलं की गॅस भरत नाहीत आणि पासिंगलाही अडतं. शिवाय आपला ऊसपट्टा, कारखान्यात उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळापासून, म्हणजे प्रेसमडपासून, गॅस होतो, केंद्राने २०१८ ला त्यासाठी 'सतत' योजना आणली आणि २०२५-२६ पासून शहरी गॅसमध्ये १ टक्का बायोगॅस मिसळणं बंधनकारक केलं, तो पुढे २०२८-२९ पर्यंत ५ टक्क्यांवर न्यायचाय. हे चांगलंच आहे, यात शंका नाही.

पण आमचं घोडं अडलं ते प्रेशरवर. जिथे पंप पाइपलाइनवर आहे तिथे हा त्रास कमी, आमच्याकडचे बरेच पंप मात्र गाडीवर चालतात, म्हणजे मोठ्या स्टेशनवर सिलेंडरचा कॅस्केड, म्हणजे एकत्र जोडलेला संच, भरायचा, तो गाडीवर लादून तालुक्याला आणायचा आणि त्यातनं रिक्षा भरायच्या. टाकी नीट भरायला २०० बारच्या आसपास प्रेशर लागतं, कॅस्केड रिकामा होत आला की प्रेशर उतरतं, मग निम्म्यावरच भरणं थांबतं आणि मागची लाइन तशीच उभी, पुढची गाडी कधी येईल ते पंपावरच्या पोरालाही माहीत नसतं. सकाळी शाळेची मुलं सोडायच्या वेळेला हे झालं की रिक्षावाला फोन कुणाला करणार, पंपाला नाही, आमच्या कार्यकर्त्याला, कारण किट लावून घे असं सांगायला तोच गेला होता. आणि त्याच्या हातात काय आहे? पत्र लिहिणं, फोन करणं, उत्तरं गोडच मिळतात, गॅस काही त्याने वाढत नाही. दिल्लीत तर बस-रिक्षा सीएनजीवर आणायचा सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा आदेश होता, तरी २००१-०२ मध्ये तिथे गॅससाठी भल्यामोठ्या रांगा लागत होत्या, मग आपल्या पत्राचं काय घेऊन बसलात. भावाचंही तसंच, राज्याने एप्रिल २०२२ ला सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला आणि त्याच वर्षी काही महिन्यांत भाव आधीपेक्षा वर गेला, आम्ही बैठकीत मांडलेला बचतीचा हिशोब तिथेच कोलमडला.

बॅटरी रिक्षाच्या अडचणी कमी आहेत असं मी म्हणणार नाही, उलट जास्तच आहेत. गाडी नवी घ्यावी लागते, कर्जाचं व्याज चढं, जुनी विकताना काय मिळेल सांगता येत नाही, तालुक्याबाहेरची लांब भाडी सोडावी लागतात. वीजही बहुतांश कोळशाचीच, म्हणजे काही धूर चंद्रपूरकडे जातो आणि चंद्रपूरही स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या त्याच यादीत आहे, हा आक्षेप मला खरा वाटतो. तरी फरक असा की यातल्या बऱ्याच अडचणींवर आपला माणूस स्वतः जाऊन काहीतरी करू शकतो.

चार्जिंगचंच घ्या. रिक्षावाला राहतो भाड्याच्या खोलीत, जुनं वायरिंग, अर्थिंग नावालाच, रात्रभर चार्जर लावला की सॉकेट गरम होऊन काळं पडतं आणि घरातली बाई म्हणते उद्यापासून हे बंद, तिचं बरोबरच आहे. इथे वायरमन घेऊन जायचं, अर्थिंग करायचं, जाड वायर ओढून १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट आणि एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच, बसवायचा, एका दिवसात विषय संपतो. घरच्या मीटरवर युनिट १०० च्या, पुढे ३०० च्या वर गेली की स्लॅब बदलतो आणि बिल बघून माणूस घाबरतो, तिथे ईव्हीचं वेगळं कनेक्शन घेता येतं, त्याला घरमालकाची एनओसी लागते आणि मालकाला समजावणं हे तर संस्थेचंच काम. ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीच्या गाडीला परमिटची अट केंद्राने काढली, त्यामुळे वर्षानुवर्षं दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवणारा माणूस स्वतःची गाडी घेऊ शकतो, आणि मला विचाराल तर हवेइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

तुमच्या शहरात पंप पाइपलाइनवर असेल आणि बहुतेक रिक्षा जुन्या, कर्ज फिटलेल्या असतील तर सीएनजी धरणं चूक म्हणवत नाही, एका वर्षात बदललेल्या रिक्षांचा आकडा बॅटरीपेक्षा मोठा दिसेल आणि पैसे देणाऱ्यालाही ते आवडेल. दोन वर्षांपेक्षा जास्त काम करायचं असेल तर मात्र मी बॅटरीकडेच झुकेन. फक्त प्लॅन सबसिडीवर उभा करू नका, २०१९ ला केंद्राची ईव्हीसाठीची फेम-२ योजना आली, २०२४ ला ती संपून आधी एक तात्पुरती योजना आणि ऑक्टोबरपासून पीएम ई-ड्राइव्ह, प्रत्येक वेळी रक्कम आणि अटी बदलल्या. सीएसआरवाल्यांना रिक्षा वाटायच्या असतात कारण फोटो छान येतो, त्यांच्याकडे त्याऐवजी वायरमनचा वर्षभराचा पगार, अर्थिंगचं सामान आणि डाउन पेमेंटसाठी छोटा फिरता निधी (एकाने फेडला की पुढच्याला देता येतो असा) मागा, आणि रिक्षा घ्यायच्या आधी प्रत्येकाच्या घरी रात्री गाडी कुठे उभी राहते ते स्वतः जाऊन बघून या.