कर्मचारी-स्वास्थ्य सेवेचे एक वर्ष: प्रश्नावली चोख, अहवाल कच्चा

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्याने गेल्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी एका खासगी कंपनीची सेवा वर्षभराच्या कराराने घेतली. मनुष्यबळ विभागात हे काम माझ्याकडे होते. आता करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी मी दोन्ही अहवाल आणि मूळ प्रश्नावली शेजारी ठेवून वाचली. सेवेत तीन गोष्टी होत्या: ताण आणि झोप यांसारख्या विषयांवरील सत्रे, फोनवरील समुपदेशन आणि वर्षातून दोनदा सर्वेक्षण.

सत्रांविषयी तक्रार नाही आणि कौतुकही नाही. वक्ते तयारीने येत, परंतु सत्रे जनरल शिफ्टच्या वेळेत होत असल्यामुळे लाइनवरचा माणूस तिथे क्वचितच पोहोचला. समुपदेशक आपुलकीने बोलतात, असे ज्यांनी स्वतःहून सांगितले त्यांचे मत आहे. मात्र मराठीतून बोलायचे असल्यास आधी वेळ ठरवून घ्यावी लागे, आणि रात्री दोन वाजता ज्याचा जीव घाबरा होतो त्याला परवा साडेअकराची वेळ देऊन काय उपयोग? केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध आहे, हेही आम्ही पैसे मोजताना लक्षात घ्यायला हवे होते.

या सेवेचा खरा कणा म्हणजे सर्वेक्षण, आणि त्यासाठी निवडलेले साधन उत्तम होते. जागतिक आरोग्य संघटनेची ‘डब्ल्यूएचओ-५’ ही प्रश्नावली १९९८ पासून वापरात आहे. मागील दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का आणि रोजच्या जगण्यात रस वाटेल असे काही होते का, एवढेच पाच प्रश्न त्यात आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य ते पाच गुण असतात, आणि बेरजेला चाराने गुणले की शंभरपैकी गुण मिळतात. म्हणजे पाचही प्रश्नांत मिळून १० गुण झाले, तर अंतिम गुण ४० होतात. साधारणपणे ५० किंवा त्याहून कमी गुण आल्यास अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे. ते आजाराचे निदान नव्हे. आजाराचा एकही शब्द नसल्यामुळे कामगारांनाही ती भरताना संकोच वाटला नाही.

घोळ भाषांतरापासून सुरू झाला. मूळ विधानात केवळ ‘उठल्यावर’ असा अर्थ आहे; आमच्या हाती आलेल्या मराठी प्रतीत ‘सकाळी उठल्यावर’ असे छापले होते. तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी घरी येऊन झोपतो आणि दुपारी उठतो, त्याने या प्रश्नाचे काय उत्तर द्यावे? भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा मूळ भाषेत करून पडताळण्याची जुनी पद्धत आहे. ती पाळली असती, तर हा एक शब्द तिथेच अडला असता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सर्वेक्षण निनावी असल्याचे सांगितले गेले, पण लिंक उघडताच टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा ओळख क्रमांक, विचारला जाई. शिवाय अहवालात विभाग, पाळी आणि लिंग अशी फोड होती. चारच जण असलेल्या विभागात एकच स्त्री असेल, तर तिचे नाव वेगळे छापण्याची गरज उरत नाही. दुसऱ्या फेरीत प्रतिसाद घटला, याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आणि तरीही अहवालाच्या पहिल्या पानावर ‘सेवेमुळे स्वास्थ्यात लक्षणीय सुधारणा’ असे मोठ्या अक्षरांत होते. पहिली फेरी मार्चअखेरच्या धावपळीत घेतली होती आणि दुसरी दिवाळीच्या सुटीनंतर लगेच. प्रश्न मागील दोन आठवड्यांविषयी असल्यामुळे बोनस, फराळ आणि गावाकडची झोप हे सगळे गुणांत उतरलेच असणार. सेवा न मिळालेला कोणताही गट तुलनेला नव्हता. सत्रांना आलेल्यांचे गुण न आलेल्यांपेक्षा चांगले होते, हा अहवालाचा दुसरा पुरावा. पण ज्याला ओव्हरटाइममधून सवड मिळते तोच सत्राला जातो.

ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच ४,८३४ कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग केला: चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड करून ३,३०० जणांना स्वास्थ्य-कार्यक्रम देऊ केला आणि १,५३४ जणांना दिला नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या वर्षानंतर वैद्यकीय खर्च, आरोग्याच्या सवयी किंवा गैरहजेरी यांत ठळक फरक दिसला नाही. कार्यक्रमात सहभागी होणारे लोक मात्र तो सुरू होण्याच्या आधीच्या वर्षापासूनच अधिक निरोगी होते आणि त्यांचा वैद्यकीय खर्चही कमी होता. आमच्या अहवालातील तुलना तंतोतंत हीच होती, फक्त रंगीत आलेखात मांडलेली. (त्या प्रयोगात जे थोडे बदलले, त्यांत ‘व्यवस्थापनाला आपल्या आरोग्याची काळजी आहे’ हा कर्मचाऱ्यांचा समज होता. सेवा विकणाऱ्यांनी निदान हे तरी प्रामाणिकपणे विकावे.)

फिरत्या पाळ्या, सुट्टीच्या दिवशीचा ओव्हरटाइम, सुपरवायझरची वागणूक यांविषयी वर्षभरात एकही प्रश्न विचारला गेला नाही, आणि दरडोई शुल्क वाचवण्यासाठी आम्हीच कंत्राटी कामगारांना यादीबाहेर ठेवले. तो दोष कंपनीचा नव्हे, आमचा आहे.

पाचपैकी दोन गुण देतो, तेही प्रश्नावलीच्या निवडीसाठी. नव्या करारासाठी मी चार अटी कळवल्या आहेत: टोकन नंबर काढावा, दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचे आकडे वेगळे दाखवू नयेत, दोन्ही फेऱ्या वर्षाच्या सारख्याच काळात घ्याव्यात, आणि दोनपैकी कोणत्या प्लांटमध्ये सेवा सहा महिने आधी सुरू करायची ते चिठ्ठी टाकून ठरवावे, म्हणजे दुसरा तोवर तुलनेला राहील. पहिल्या दोन अटी त्यांनी त्याच दिवशी मान्य केल्या. उरलेल्या दोन ‘वरिष्ठांकडे’ आहेत.