स्कॉफ की ईट-२६?

दोन्ही खाण्याच्या विकारांच्या (ईटिंग डिसऑर्डर) चाचणी-प्रश्नावल्या. आजाराचं निदान दोन्हींतून होत नाही. पुढे तपासायला हवं का, एवढंच कळतं. १९९९ची स्कॉफ म्हणजे पाच प्रश्न, हो-नाही उत्तरं. दोन ‘हो’ आले की सावध व्हायचं. गर्दीच्या ओपीडीत हीच सोयीची. पण ‘अन्न तुमच्या आयुष्यावर राज्य करतं का?’ याला नुसतं हो-नाही कसं सांगणार?

तिथे १९८२ची ईट-२६ मला उजवी वाटते. २६ विधानं, प्रत्येकाला ‘नेहमी’ ते ‘कधीच नाही’ असे सहा पर्याय. २० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञांकडे जायचं. गंमत म्हणजे ‘कधीकधी’ आणि ‘कधीच नाही’ दोन्हींना शून्यच. उलटे गुण असलेलं एक विधान तेवढं अपवाद. लपवायचंच ठरवलं, तर मात्र दोन्ही चाचण्यांना सहज चकवता येतं.