सांगितला 100 मीटर, निघाला 82

इंदूरमध्ये काचा धुण्याचे काम मी गेली अकरा वर्षे करतो. सोबत माझा भाचा असतो, एक जुनी व्हॅन आहे, आणि विजय नगर, पलासिया, ए. बी. रोड या भागांतली शोरूम, दवाखाने आणि कार्यालये हे आमचे गिऱ्हाईक. गेल्या वर्षी व्हॅनमध्ये होज रील, म्हणजे पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवायचा फिरता ढोल, बसवून घेताना माझी फसवणूक झाली. तिची हकीकत लिहितो आहे, कारण या धंद्यात आता बरीच तरुण मुले उतरत आहेत आणि त्यांच्याकडून हीच चूक होण्याचा पूर्ण संभव आहे. मला ज्या ज्या गोष्टीत फसवले गेले, ती प्रत्येक गोष्ट पैसे देण्याआधी जागेवर मोजून पाहता आली असती.

आमच्या कामात रील का लागते हे आधी सांगतो. उंच काचा आता आम्ही शिडीवर चढून फडक्याने पुसत नाही. लांब दांड्याच्या टोकाला ब्रश असतो आणि त्यातून शुद्ध केलेले पाणी सोडले जाते. पाण्यात क्षार नसतील तर काच वाळल्यावर डाग राहत नाहीत, म्हणून पुसण्याची गरज पडत नाही. आमच्या वस्तीतल्या बोअरचे पाणी माझ्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, 740 दाखवते. ते आरओ आणि क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढून आम्ही 10 च्या आत आणतो आणि व्हॅनमधल्या टाकीत भरतो. टाकीपासून काचेपर्यंत ते 100 मीटर पाइपमधून जाते. एवढा पाइप रोज हाताने गुंडाळला की त्याला पीळ पडतो, त्या जागी तो मुडपतो आणि काही महिन्यांत फुटतो. म्हणून रील.

विक्रेत्याची ओळख एका गणेशोत्सवाच्या मंडपात झाली. तो मराठी बोलणारा होता, माझ्या चुलत भावाच्या ओळखीतला होता आणि बोलायला अतिशय नम्र होता. या शहरात आपण मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या राहत असलो तरी बाजारातला व्यवहार हिंदीतच होतो, त्यामुळे कोणी आपल्या भाषेत भाव सांगू लागला की मन आपोआप सैल पडते. त्याने मला सांगितले, "काका, बाहेर तुम्हाला 202 चे स्टील देऊन 304 चे पैसे घेतील. मी घरचा माणूस, मी तुम्हाला फसवणार आहे का?" 304 ही स्टेनलेस स्टीलची चांगली जात, 202 हलकी. मी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. पुढे कळले की बाहेरचे लोक जे करतील म्हणून तो मला भीती घालत होता, नेमके तेच तो स्वतः करत होता.

सौदा 21,500 रुपयांना ठरला. त्यात 304 स्टेनलेस स्टीलची रील, पितळी फिरता सांधा, 8 मिलिमीटर आतल्या व्यासाचा 100 मीटर पाइप आणि व्हॅनमध्ये बसवून देण्याची मजुरी, असे सगळे आले. पक्के बिल घेतले तर 18 टक्के कर वर लागेल, असे तो म्हणाला आणि मी कच्च्या बिलावर राजी झालो. त्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव नव्हते, मोजमाप नव्हते, धातू कोणता तेही लिहिले नव्हते. "रील पूर्ण संच 1" एवढेच शब्द होते. 15,000 रुपये मी मोबाइलवरून पाठवले, तेही त्याच्या सांगण्यावरून भलत्याच नावाच्या खात्यावर, आणि उरलेले रोख दिले.

पहिली शंका महिन्याभरात आली. पलासियाजवळच्या एका दवाखान्याच्या समोरच्या काचा आम्ही सकाळी साडेसहाला धुवायला घेतल्या. ब्रशमधून पहिले पाणी सुटले आणि काचेवरून फिकट तपकिरी ओघळ खाली उतरले. भाच्याला वाटले वरच्या पट्टीवरची धूळ असेल. मी टाकीतल्या पाण्यात मीटर बुडवला तर आकडा 3 आला. ब्रशखाली पेला धरून त्यातले पाणी मोजले तर 41. टाकी आणि ब्रश यांच्यामध्ये पाइप आणि रील याखेरीज काहीही नव्हते. पाच मिनिटे पाणी सोडल्यावर आकडा 6 वर आला, पण तोवर चौदा काचांच्या पट्ट्यांवर डाग बसले होते. ते आम्हाला दुपारपर्यंत ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने एकेक करून काढावे लागले आणि त्या दिवसाची मजुरी मी दवाखान्याकडे मागितली नाही.

कारण संध्याकाळी रील उघडल्यावर समजले. रीलमध्ये पाणी आधी फिरत्या सांध्यात येते आणि तिथून ढोलाच्या आतल्या आखूड नळीतून पाइपमध्ये जाते. बाहेरचा ढोल चकचकीत होता, पण ती आतली नळी साध्या लोखंडाची निघाली आणि तिच्या तोंडाशी बोट फिरवल्यावर गंज हाताला लागला. सांधा बाहेरून पिवळा होता. कानसेने त्याच्या कडेवर दोनदा घासले तर खाली राखाडी पांढरा धातू दिसला. पितळ आतपर्यंत पिवळेच असते. हा जस्ताच्या मिश्रधातूवर पिवळा मुलामा होता. क्षार काढलेले पाणी धातूच्या बाबतीत साध्या पाण्यापेक्षा जास्त खादाड असते, आणि रात्रभर ते अशा नळीत उभे राहिले की सकाळी सुरुवातीचे पाणी घाण होऊन येणारच. कानस माझ्या हत्यारांच्या डब्यात खरेदीच्या दिवशीही होती.

राहिला ढोल. विक्रेत्याने मला विकताना चुंबक लावून दाखवले होते आणि ते चिकटले नाही, म्हणून मी खात्री पटल्यासारखी मान हलवली होती. हे प्रत्येकाने नीट समजून घ्यावे: 202 जातीच्या स्टेनलेसलाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्या स्टीलमध्ये महागडे निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. ते दिसायला सारखेच, पण गंजाला लवकर बळी पडते. चुंबकाने फार तर साधे लोखंड ओळखू येते, 304 आणि 202 यांच्यातला फरक कळत नाही. भंगार घेणारे व्यापारी त्यासाठी एक द्रव वापरतात. त्याचा थेंब धातूवर टाकून नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोके टेकवली की 202 वर थेंब काही क्षणांत लालसर होतो आणि 304 वर होत नाही. सियागंजच्या एका जुन्या दुकानदाराने माझ्या ढोलाच्या कडेवर तो थेंब टाकून दाखवला. थेंब लाल झाला.

पाइपची लांबी मी त्याच आठवड्यात मोजली, आणि तीही दोन प्रकारे, कारण आता मला माझ्याही मोजण्यावर कोणी बोट ठेवायला नको होते. 8 मिलिमीटर व्यासाच्या 100 मीटर पाइपमध्ये 5 लिटरच्या आसपास पाणी मावते. मी पाइप पूर्ण भरला, मग हवा मारून सगळे पाणी बादलीत काढले आणि मापाने मोजले: 4 लिटर 100 मिलिलिटर. त्यानंतर गच्चीवर पाइप सरळ पसरून टेप लावला तेव्हा 82 मीटर भरला. खरे पाहता रीलकडे नुसते बघूनही हे कळायला हवे होते. माझ्या ढोलाचा मधला गाभा 15 सेंटीमीटर व्यासाचा, बाजूच्या तबकड्या 34 सेंटीमीटर व्यासाच्या आणि आतली रुंदी 21 सेंटीमीटर आहे. पाइप बाहेरून 13 मिलिमीटर जाड आहे, म्हणजे एका थरात 16 वेढे बसतात आणि तबकडीच्या काठापर्यंत 7 थर. सरासरी एका वेढ्याला 77 सेंटीमीटर पाइप लागतो. 16 गुणिले 7 गुणिले 77 केले की 86 मीटर होतात, तेही प्रत्येक वेढा शिस्तीत बसला तर. त्या रीलवर 100 मीटर पाइप मावणे शक्यच नव्हते, आणि हा हिशेब कागदाच्या चिटोऱ्यावर दोन मिनिटांत होतो.

6 मिलिमीटरचा पाइप घेतला तर लहान रील चालते, असेही काही विक्रेते सुचवतात. ते खरे आहे, पण तेवढेच पाणी तेवढ्याच लांबीतून नेताना 6 मिलिमीटरमध्ये दाब जवळजवळ चौपट खर्ची पडतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत दांडा नेणाऱ्याने हे विसरू नये.

आता बसवण्याविषयी, कारण यात नुसते पैसे गेले नाहीत, माणूस जायची वेळ आली होती. माझ्या विक्रेत्याच्या कारागिराने रीलच्या चारही पायांना आपोआप आटे पाडणारे स्क्रू लावून ती थेट व्हॅनच्या फरशीच्या पत्र्यावर कसली होती. पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. त्यात स्क्रूचा एखादा आटा जेमतेम पकडतो. रील, पाइप आणि त्यातले पाणी मिळून माझ्याकडे सुमारे 28 किलो वजन होते. रिंग रोडवर खजराना चौकाजवळ एक दुचाकी आडवी आली, मी जोरात ब्रेक दाबला आणि पुढचे दोन्ही पाय पत्रा फाडून सुटले. रील मागच्या पायांवर उलटून सीटच्या पाठीवर आदळली. भाचा पुढे वाकून पाण्याची बाटली घेत होता म्हणून हँडल त्याच्या मानेऐवजी दंडाला लागले. दंड तीन आठवडे काळानिळा होता, आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, मी काय सांगितले असेन ते आपणच समजा.

विक्रेत्याकडे मी तीन वेळा गेलो. पहिल्यांदा तो म्हणाला, पाणी लागून पाइप आखडतो. दुसऱ्यांदा म्हणाला, स्क्रू कारागिराने लावले, त्याच्याशी माझा संबंध नाही. तिसऱ्यांदा त्याने फोन उचलला नाही. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि एका वकील स्नेह्याकडून नोटीस पाठवली. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही असे मला अनेकांनी सांगितले होते. ते पूर्ण खरे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरायला वस्तू घेणाऱ्याला ग्राहकच मानले आहे. जिल्हा आयोगात 5 लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझी अडचण कायद्याची नव्हती, पुराव्याची होती: चिठ्ठीवर विकणाऱ्याचे नाव नाही, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात, लांबी आणि धातू कुठेही लिहिलेले नाहीत. वाचवलेला कर मला असा महाग पडला. नोटीस गेल्यावर त्याने चुलत भावामार्फत 6,000 रुपये पाठवले आणि प्रकरण मिटवा असा निरोप दिला. मी ते पैसे घेतले, पण प्रकरण मिटले असे लिहून दिले नाही.

नवी रील मी सियागंजमधून पक्क्या बिलावर घेतली. बिलावर धातूची जात, पाइपचा व्यास आणि लांबी लिहून घेतली, थेंबाची चाचणी समोर करवली, सांध्याची कड कानसेने घासून पाहिली आणि पाइप दुकानाबाहेर पसरवून टेपने मोजला. दुकानदाराला राग आला नाही. उलट त्यानेच टेपचे दुसरे टोक धरले.

ती बसवायला मी एका फॅब्रिकेटरकडे गेलो, तेव्हा त्याने ड्रिल हातात घेण्याआधी व्हॅन गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर उभी करायला सांगितली. चार 10 मिलिमीटरचे बोल्ट पत्र्याच्या आरपार, खालून प्रत्येकाला 5 मिलिमीटर जाड आणि तळहाताएवढी लोखंडी पट्टी, त्यावर न सुटणारे नट, आणि कापलेल्या कडांना गंजरोधक रंग, अशी त्याची पद्धत होती. रीलचे तोंड त्याने मागच्या दाराकडे सरळ केले आणि दाराच्या चौकटीवर दोन रोलर लावले, म्हणजे ओढताना पाइप पत्र्याच्या धारेवर घासत नाही. पण हे सगळे करण्यापूर्वी तो टॉर्च घेऊन खाली उतरला आणि थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली. मी खड्ड्यात उतरलो. जुन्या स्क्रूंपैकी एकाचे टोक पत्र्यातून खाली आले होते, आणि त्याच्यापासून बोटभर अंतरावरून पेट्रोलची नळी पुढे इंजिनाकडे गेली होती.